न झालेला भूगोलाचा पेपर

२०२० सालच्या दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकी विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. गुणांचं गणित सुटलं. पण पुण्याजवळच्या लोणी काळभोरमधल्या ज्या मुलामुलींशी मी समुपदेशक म्हणून त्या उन्हाळ्यात फोनवर बोलत होते, त्यांचं काही वेगळंच अडलं होतं. शेवटचा पेपर देऊन हुश्श करत बाहेर पडणं झालंच नव्हतं. परीक्षा संपली नाही म्हणून सुट्टी लागली नाही, आणि सुट्टी लागली नाही म्हणून अकरावी सुरू झाल्यासारखीही वाटेना.

"मॅडम, पोरगं पुस्तकाला हात लावत नाही, आळशी झालंय," असं आया सांगत. मला त्यात आळस दिसला नाही, आजही दिसत नाही. शाळा शिकवायला लागण्याआधी मुलाचा दिवस बांधून देते. आंघोळीची घाई, सोलापूर रस्ता ओलांडणं, प्रार्थना, घंटा, मधली सुट्टी हे सगळं दुसऱ्या कुणी ठरवलेलं असतं. टाळेबंदीत ते ठरवण्याचं ओझं पंधरा वर्षांच्या पोरांवर एकदम येऊन पडलं.

आमच्या गावात तेल कंपन्यांचे डेपो आहेत. इंधन अत्यावश्यक, त्यामुळे टँकर थांबले नाहीत. वडील कामावर निघाले की काही घरांतला एकुलता एक स्मार्टफोनही त्यांच्यासोबत जाई. तो रात्री परतला की भावंडांचे धडे, गृहपाठाचे फोटो, ग्रुपवरचे निरोप सुरू होत ते मध्यरात्रीपर्यंत. शरीराच्या घड्याळामागची जनुकं उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावर जुळतं. रात्रीचा उजेड झोप पुढे ढकलतो, सकाळचा ती पुन्हा वेळेवर आणतो. म्हणून माझं पहिलं सांगणं अभ्यासाबद्दल नसायचंच. झोपायला कितीही उशीर होवो, उठायची वेळ रोज एकच ठेवा आणि उठल्यावर गच्चीवर नाहीतर अंगणात जा.

पहिली ते आठवीसाठी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तिचं मला फार मोल वाटलं. तिला फोन लागत नव्हता आणि ती ठरल्या वेळी यायची.

मोठ्या मुलांचं पालुपद एकच, "मूड आला की बसतो." मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी नैराश्यावर काम करताना १९७० च्या दशकात याच्या उलट वाट धरली: आधी कृती, उत्साह मागून येतो. पीटर गोल्वित्झर यांनी पुढे दाखवलं की 'अभ्यास करेन' या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की तमुक करेन' हा निश्चय जास्त पाळला जातो. आमच्याकडे त्याचं रूप असं झालं: अंथरूण गुंडाळलं की त्याच कोपऱ्यात बसून बीजगणिताची दोन उदाहरणं. दोनच. मग पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आत्मविश्वास जास्त होता, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते न बघता लिहिणाऱ्यांना. याला फोन लागतच नाही! फोन घरात नसलेला दिवस हाच अभ्यासाचा उत्तम वेळ, हे कळल्यावर कितीतरी मुलांचा आवाज बदलला.

२०२१ ला दहावीची परीक्षाच रद्द झाली, तेव्हा मात्र "आता कशासाठी?" या प्रश्नापुढे वेळापत्रक अपुरं पडलं. तिथे उपयोगी पडली माणसं. धाकट्या भावाला अपूर्णांक शिकवायचे आहेत म्हणून आदल्या संध्याकाळी ते स्वतः सोडवून पाहणारी मुलगी, किंवा रोज ठरल्या वेळी एकमेकांना फोनवर व्याख्या म्हणून दाखवणारे दोन मित्र. आपली कुणीतरी वाट बघतंय, एवढं कारण त्यांना पुरलं.

हे सगळं करूनही दोन आठवडे झोप किंवा भूक उडालेली असेल, आवडता खेळही नकोसा झाला असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. आणि जगणं नकोसं झाल्याचं मूल बोललं, तर एक दिवसही थांबू नये. २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.