गंजलेल्या इंजिनाची मनधरणी

रेल्वेने कोलकात्याला येणाऱ्या प्रवाशाला या शहराची पहिली ओळख होते ती हावड्याच्या पुलावरून. हा पूल १९४३ साली वाहतुकीस खुला झाला. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाच्या या अवाढव्य सांगाड्यात नट-बोल्ट नाहीत. सारे जोड रिव्हेट ठोकून केलेले आहेत. पण पूल ओलांडून शहरात शिरावे, धर्मतल्ला आणि पार्क स्ट्रीट मागे टाकावा, की असा एक भाग लागतो जेथे शेकडो माणसांचा सारा दिवस नट-बोल्टांशी झगडण्यातच जातो. हा मल्लिक बाजार.

पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बसू मार्ग जेथे मिळतात, तेथे हा बाजार पसरला आहे. जवळच जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. बंगालीचे महाकवी मायकेल मधुसूदन दत्त तेथे १८७३ पासून चिरनिद्रा घेत आहेत. आत झाडांची सावली आणि शांतता. बाहेर हातोड्यांचा ठणठणाट, ग्रीसचा वास आणि गिऱ्हाइकांची घासाघीस. दुकानांच्या तोंडाशी मोटारींचे दरवाजे, बंपर, दिवे आणि स्टिअरिंगची चाके टांगलेली असतात. आत अंधारात गिअरबॉक्स आणि इंजिने एकावर एक रचलेली दिसतात. नवख्याला वाटावे, हे मोटारींचे स्मशान आहे. परंतु थोडा वेळ थांबले की लक्षात येते, येथे मेलेल्या गाडीचे अवयव जगणाऱ्या गाडीच्या कामी येतात.

उत्तरपाड्याची लेक

जुन्या मोटारींची माया कोलकात्याला असणे स्वाभाविकच आहे. १९४२ साली गुजरातेत ओखा बंदरी सुरू झालेला हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना १९४८ मध्ये हुगळीच्या पश्चिम तीरावर उत्तरपाड्याला आला. ब्रिटनच्या ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ या गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून तेथे १९५७ पासून अँबॅसिडर तयार होऊ लागली. मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत साऱ्या देशाला तिने वाहून नेले. मे २०१४ मध्ये तेथील उत्पादन थांबले. हावड्याहून बर्धमानच्या लोकलने जाताना आजही ‘हिंदमोटर’ नावाचे स्थानक लागते.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. कोलकात्यातही पिवळ्या टॅक्सींची संख्या वर्षागणिक घटत चालली आहे. मात्र घराघरांतल्या खासगी अँबॅसिडर सहजासहजी भंगारात जात नाहीत.

तीन पावसाळे उभी गाडी

अशीच एक १९६५ सालची ‘मार्क टू’ मल्लिक बाजारालगतच्या गल्लीत एका जुन्या मिस्त्रीच्या दारी ढकलत आणली गेली. मालक निवृत्त शिक्षक. सारी गल्ली त्यांना ‘मास्टरमशाई’ म्हणे आणि मिस्त्रीला ‘ओस्ताद’. गाडी मास्टरमशाईंच्या वडिलांनी घेतलेली. वडिलांच्या पश्चात दरवर्षी महालयेच्या पहाटे मास्टरमशाई आपल्या थोरल्या बहिणीला, दीदींना, याच गाडीतून बाबूघाटावर नेत. ते गंगेत उतरून पितरांना तर्पण करीत आणि दीदी पायरीवर बसून राहत. पुढे मास्टरमशाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि गाडी तीन पावसाळे घराच्या बोळात उभी राहिली. आता दीदींनी ऐंशी ओलांडली होती. “यंदा बाबांच्या गाडीतून जाऊ,” एवढेच त्या म्हणाल्या होत्या. महालयेला महिनाही उरला नव्हता आणि इंजिन जाम होते.

ओस्तादने बॉनेट उघडण्याआधी विचारले, “स्टार्टर किती वेळा मारलात?”

“पुतण्याने तीन-चारदा मारून पाहिला. नुसते ‘टक्’ वाजले.”

“गिअरमध्ये टाकून ओढली नाहीत ना?”

“नाही.”

“मग आशा आहे,” ओस्ताद म्हणाला.

प्रथम त्याने पंख्याचा पट्टा काढला. डायनॅमो किंवा पाण्याचा पंप जाम झाला असेल तर दोष इंजिनाचा नसतो. दोन्ही सुटे फिरले. स्टार्टरचा दाता अडकलेला नाही, हेही त्याने पाहून घेतले. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल घातले. जुन्या अँबॅसिडरची ही सोय मोठी मोलाची. इंजिनाचे दुखणे थेट मनगटाला कळते. हँडल केसभरही हलले नाही. चारही स्पार्क प्लग काढून त्याने तारेला चिंधी गुंडाळून आत फिरवली. तिसऱ्या सिलिंडरमधून चिंधी तांबूस होऊन बाहेर आली.

इंजिन बंद होते तेव्हा त्याचा कोणता ना कोणता व्हॉल्व्ह उघडाच राहतो. त्या वाटेने कोलकात्याची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत, दोन्ही बिडाच्या. तेलाचा पातळ थर सुकला की त्यांच्यावर गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते, म्हणून तो फटीत पाचरीसारखा घट्ट बसतो. चारही पिस्टन एकाच क्रँकला जोडलेले असल्याने एक अडकला की सारेच अडकतात.

घाव घालू नये

ओस्तादने डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे घेऊन त्यात थोडे रॉकेल मिसळले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये तीन-तीन चमचे सोडले. मग प्लगच्या भोकांवर स्वच्छ फडके टाकून तो दुसऱ्या कामाला लागला. मास्टरमशाई बुचकळ्यात पडले. “आता?”

“आता तेल काम करील.”

दुसऱ्या दिवशी तीन सिलिंडरमधले तेल खाली झिरपले होते; तिसऱ्यातले जसेच्या तसे होते. दुखणे कोठे आहे ते नक्की झाले. चौथ्या दिवशी त्यात थोडी घट दिसली. रोज संध्याकाळी मास्टरमशाई येत, बाकावर बसत आणि तेलाची पातळी विचारून घरी जात.

शेजारच्या दुकानदाराला हे बघवेना. “दोन दिवसांत दुसरे इंजिन बसवून देतो. हे भंगाराच्या भावाने घेतो,” तो म्हणाला. मास्टरमशाईंचे मन डळमळले. महालया जवळ येत होती.

ओस्तादने इंजिनावरची पाटी पुसून त्यावरचा क्रमांक दाखवला. गाडीच्या पुस्तकात तोच होता. पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले आहेत. तेथेही गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. पण ओस्तादचा मुद्दा कागदाचा नव्हता. “इंजिन बदलता येते, मास्टरमशाई. मग ती बाबांची गाडी किती उरली, ते आपण ठरवायचे.”

मास्टरमशाईंनी थांबायचे ठरवले.

ओस्तादचा तरुण मदतनीस मात्र उतावीळ होता. लांब पाइप लावून जोर दिला तर एका झटक्यात सुटेल, असे त्याचे म्हणणे. ओस्तादने त्याला एक तुटकी जुनी रिंग दाखवली. रिंगा बिडाच्या, म्हणजे ठिसूळ. जोराने त्या तुटतात आणि तुकडे सिलिंडरला ओरखडे काढतात. मग सिलिंडर मोठा करून घ्यावा लागतो, पिस्टन नवे आणावे लागतात. नुसती आग लावूनही भागत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि उष्णतेने तो बिडाच्या जवळजवळ दुपटीने फुगतो. त्यामुळे गरम असताना पकड उलट घट्ट होते. खरा उपयोग होतो तो गरम आणि गार करण्याचा. दोन्ही धातू कमी-अधिक फुगतात, आकसतात. त्या हालचालीने गंजाला तडे जातात आणि तेल आत ओढले जाते. म्हणून ओस्तादने रेडिएटरचा पाइप काढून इंजिनाभोवतीच्या पोकळीत गरम पाणी भरले. उकळते नव्हे, कारण गार बिडाला एकदम चटका बसला तर ते तडकते. पाणी निवले की काढून पुन्हा भरायचे.

खडूची खूण

दहाव्या दिवशी त्याने क्रँकच्या पुलीवर आणि तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर खडूची एकेक रेघ ओढली. मोठा पाना लावून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला अंगाचा भार दिला, पण झटका नाही. असे वीस-पंचवीस वेळा. आणि मग एक बारीकसा ‘कट्’ आवाज आला. दोन रेघांत नखाएवढे अंतर पडले होते.

“सुटले!” मदतनीस ओरडला आणि पाना पुढे रेटू लागला. ओस्तादने त्याचा हात धरला. “जेवढे पुढे, तेवढेच मागे. त्याला वाट आठवू दे.” पुढचे तीन दिवस हेच चालले. नखाचे बोट झाले, बोटाची वीत झाली. पूर्ण फेरा मात्र होईना.

अशातच विश्वकर्मा पूजा आली. ही पूजा बहुधा १७ सप्टेंबरला येते. आपल्याकडे खंडेनवमीला जसे हत्यारांना विश्रांती देऊन पुजतात, तशी बंगालात या दिवशी कारखान्यांतली यंत्रे आणि गॅरेजातली हत्यारे पुजली जातात. आकाश पतंगांनी भरून जाते. मास्टरमशाई सकाळीच आले, पण पाने, हातोड्या आणि जॅक झेंडूच्या माळा घालून ओळीने मांडलेले. ओस्ताद स्वतः मुसलमान. तरी त्या दिवशी त्याने पान्याला हात लावला नाही. “आज याची सुट्टी,” म्हणून त्याने मास्टरमशाईंच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल घातले. ते वीतभर गेले, अडले, मागे आले आणि पुढच्या खेपेला पूर्ण फिरले. प्लगच्या भोकातून काळपट तेलाचे शिंतोडे उडाले. मास्टरमशाईंचा पांढरा धुतीपंजाबी खराब झाला, त्याचे त्यांना भान नव्हते.

काम मात्र संपले नव्हते. ओस्तादने हेड उतरवून सिलिंडर तपासला. तिसऱ्याच्या भिंतीवर गंजाचे कडे उमटले होते. बारीक पॉलिश पेपरने ते घासून काढले, तरी एक डाग खोल होता. तो त्याने मास्टरमशाईंना बोट लावून दाखवला. “हा राहणार. थोडे तेल खाईल, थोडा धूर देईल. सांगून ठेवतो.” व्हॉल्व्ह साफ केले, चेंबरमधले तेल बदलले, टाकीतले तीन वर्षांचे पेट्रोल काढून टाकले. प्लग न लावता हँडल फिरवून तेल सर्वत्र पोचवले आणि मगच किल्ली फिरवली. गल्लीभर निळसर धूर झाला. तो ओसरला, तसा इंजिनाचा ओळखीचा आवाज येऊ लागला.

निघताना ओस्तादने एकच ताकीद दिली. गाडी आठवड्यातून एकदा तरी नीट गरम होईपर्यंत चालवावी. महिनोन्‌महिने उभी ठेवणे भागच असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून अधूनमधून हँडलने फिरवावी. “माणूस काय, इंजिन काय, बसून राहिले की जखडते.”

महालयेच्या पहाटे चार वाजता आकाशवाणीवर ‘महिषासुरमर्दिनी’ सुरू होते आणि सारे कोलकाता जागे होते. त्या सुरांत एक जुनी अँबॅसिडर, मागे धुराची बारीक रेघ सोडत, बाबूघाटाकडे निघाली. दीदी मागे डावीकडे बसल्या होत्या. लग्नाआधीपासून ती त्यांचीच जागा होती.