काही दुखत नसताना

काहीच दुखत नव्हतं. पहिल्या वेळी मायलोमा, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघाला तेव्हा मणका खचला होता, कूस बदलताना जीव जायचा. तेव्हा डॉक्टरांनी बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सा अशी नावं घेतली आणि आम्ही मान डोलावली. पुढे माझ्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं, मग रोजची लेनालिडोमाइडची कॅप्सूल. यंदा रिपोर्टमध्ये नाहीसा झालेला एम बँड, म्हणजे या आजाराची रक्तातली खूण, पुन्हा उमटला. पुढच्या तपासणीत तो वाढला. डॉक्टर म्हणाले, "काकू, आजार परत डोकं वर काढतोय. दोन-तीन मार्ग आहेत. तुम्हाला काय झेपेल ते मिळून ठरवू."

मी काय ठरवणार? घरी आल्यावर रात्रभर डोळा लागला नाही. जेवत होते, चालत होते, आणि तरीही आत काहीतरी वाढत होतं, हे मनाला पटेना.

भाच्याने कार-टी या पेशी-उपचाराचं नाव काढलं. आयआयटी मुंबईत घडलेल्या अशा एका उपचाराचं २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं होतं. मला केवढी आशा वाटली! डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की ती थेरपी पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखते आणि काही ल्युकेमिया-लिम्फोमांसाठी आहे. मायलोमासाठीच्या कार-टी बहुतेक बीसीएमए ही वेगळी खूण शोधतात.

मग मुलाने वहीत मांडलं: कोणतं औषध कधी घेतलं, का थांबलं. त्या पानाने मला सगळ्यात जास्त धीर दिला. बोर्टेझोमिबने तळपायांना मुंग्या आल्या, त्या अजून आहेत. लेनालिडोमाइड चालू असतानाच आजार वाढला, म्हणजे त्याच्यावर पुन्हा भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. कारफिल्झोमिब चांगलं, पण माझा रक्तदाब चढा, आणि ते हृदयाला जड जाऊ शकतं. उरलं दारातुमुमाब, सोबत पोमालिडोमाइड आणि डेक्सा. इंजेक्शन पहिले दोन महिने दर आठवड्याला, पुढे पंधरवड्याने, मग महिन्याने. साताऱ्याहून पुण्याला दर आठवड्याला कोण नेणार, हे विचारायला मला संकोच वाटत होता. पण उपचार पार पडणार की नाही, हे त्यावरही ठरतं. खर्चही एका इंजेक्शनचा न विचारता वर्षाचा विचारला.

किडनी, कॅल्शियम ठीक होतं, वाढ संथ होती, म्हणून विचाराला थोडे आठवडे मिळाले. प्रत्येकाला ते मिळतातच असं नाही. तुम्हाला मिळाले, तर जुन्या औषधांची यादी घेऊनच डॉक्टरांसमोर बसा.

आणि दारातुमुमाब ठरलंच, तर पहिल्या इंजेक्शनआधी रक्तपेढीत रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्या. हे औषध तांबड्या पेशींनाही चिकटतं, त्यामुळे पुढे रक्त लागलं तर जुळणी करताना घोळ होतो, आणि शेवटच्या डोसनंतरही काही महिने होऊ शकतो. तो रिपोर्ट कायम जवळ बाळगा.