झुकझुकगाडीचं वर्ष

मैत्रिणींनो, मुलांना माथेरानच्या गाडीत बसवायचं मनात आहे ना? मग आधी तिचं वर्ष समजून घ्या.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली. वाफेची इंजिनं गेली, डिझेलची आली. पण ती जिथं पाणी प्यायची ते 'वॉटर पाईप' स्थानक अजून त्याच नावानं उभं आहे.

दिवाळी ते मे हे तिचे कामाचे दिवस. पाऊस लागला की नेरळहून घाट चढणारी गाडी बंद. अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. ते बरंच, कारण गावात खासगी मोटारींना बंदी. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर तेवढी फेरीही केवढा आधार!

पाऊस मात्र दयामाया दाखवत नाही. जुलै २००५ मध्ये मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसानंतर तर नेरळची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरातच वर चढली.

म्हणून दसऱ्यानंतर चौकशी करूनच निघा. आणि हो, तिथली माती तांबडी; पांढरे कपडे घरीच ठेवा!