वजनकाट्यावर बसलेली काकू

गेल्या महिन्यात आमचे काका गेले. तारोडीतून निघालो तेव्हा काकूने गाडीचं दार धरलं, "मी पण येणार." वय ७६, दोन्ही गुडघे गेलेले. पूर्वी आपल्याकडे बायका स्मशानात जात नसत. आता येतात, बरंच आहे. पण त्या येतील हे स्मशान बांधणाऱ्यांच्या डोक्यातच नसतं.

तिथे सिमेंटची चार बाकडी. दोन भर उन्हात, तव्यासारखी तापलेली. एकाचा पाय मोडलेला, चौथ्यावर सामानाची पोती. (देणगीदाराचं नाव मात्र चारीवर ठळक!) काकू शेवटी लाकडं मोजायच्या काट्यावर टेकली. जेमतेम वीतभर उंच. कर्मचारी आला, "आजी, तिथं नका बसू, काटा बिघडतो." त्याची चूक नाही, त्याला काट्याचंच उत्तर द्यावं लागतं. पण काकूला उठता येईना. तिघांनी धरून उभी केली. स्वतःच्या नवऱ्याच्या चितेसमोर.

मी पंचवीस वर्षं फर्निचर करतो. लोकांच्या टीव्हीसाठी भिंतभर युनिटं केली, पण स्मशानातल्या बाकड्याचा विचार आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी केला. लाज वाटली.

पूर्वी आमच्या भागातल्या एका चर्चचे बाक दुरुस्त केले होते. गुडघे टेकायची फळी किती उंच, पाठ किती कललेली, सगळं कुणीतरी विचार करून ठरवलेलं. आपण तिरडीला वाटेत विसावा देतो, खांदे बदलतो. मग मागून आलेल्या म्हातारीला विसावा कुठे?

मुंबईत हे झालंय. गिधाडं संपत आली, गुरांना देत त्या डायक्लोफिनॅक औषधाने. दोखम्यांची रीत अडचणीत आली. काही पारशी कुटुंबं दहनाकडे वळली, तेव्हा २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह उभं राहिलं. बसून प्रार्थना करता येते, आणि ते इतर धर्मीयांनाही खुलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटांचे अंत्यसंस्कार वरळीतच झाले. आपल्याला तेवढा हॉल नको, निदान बाकडी तरी धड हवीत.

आता कामाचं बोलतो. बैठक १८-१९ इंच हवी. सिमेंटची बाकडी आधीच बुटकी, त्यात दर काही वर्षांनी पेव्हर ब्लॉकचा नवा थर, की जमीन वर आणि बाकडं आणखी खाली. दोन्ही बाजूंना हात हवेत, पुढच्या कडेपर्यंत आलेले, कारण माणूस उठताना पुढूनच जोर देतो. फळ्यांत बोटभर फट, म्हणजे पाणी आणि राख साचत नाही. इथे समुद्र जवळ, साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खातं. स्टील घ्यायचं तर ३१६ नंबरचं घ्या, ३०४ वरही खाऱ्या हवेत डाग पडतात. महाग आहे, पण दर दोन वर्षांनी रंग काढण्यापेक्षा स्वस्त.

आणि सगळी बाकडी चितेकडे तोंड करून ठेवू नका. चर्चमध्ये सगळ्यांना समोर बघायचं असतं, इथे नसतं. काहीजणांना नुसतं जवळ असायचं असतं. दोन-तीन बाकडी झाडाकडे वळवलेली असू द्या. आमच्याकडे श्रद्धांजलीची भाषणंही होतात, वक्ते संपत नाहीत. तेवढा वेळ म्हातारी माणसं उभीच.

तेराव्याला काकूकडे गेलो. ती एका जुन्या लाकडी खुर्चीवर बसते, कुणाचाही हात न धरता उठते. खिशात टेप होतीच. १९ इंच. तेच माप ड्रॉइंगवर टाकलंय.

येत्या सोमवारी ११ वाजता ते ड्रॉइंग आणि अर्ज घेऊन पालिकेच्या कार्यालयात जातोय. डिझाइनचे पैसे नकोत, आणि बाकड्यावर नावही नको. कुणी सोबत येणार असाल तर खाली लिहा. घरात वयस्कर माणूस असेल तर ते सहज उठतात त्या खुर्चीचं माप घेऊन या.