परिचयातील एक ओळ

१९६५ साली मुंबईत जैन सोशल ग्रुपची सुरुवात झाली आणि पती-पत्नींनी जोडीने सभासद होण्याची पद्धत पुढे आपल्या समाजात रुजली. आमच्या गावातील मंडळही याच पद्धतीने चालते. नव्या दांपत्याचे नाव एका सभासदाने सुचवावे, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे आणि मासिक सभेत सूचकाने त्यांचा परिचय करून द्यावा, असा प्रघात आहे. यंदा हे काम माझ्याकडे आले.

दांपत्य माझ्या चांगल्या ओळखीचे. बाजारपेठेत त्यांचे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. मी एका बैठकीत परिचयपत्र लिहून काढले. भाऊंचे मूळ गाव, पेढीची तीन पिढ्यांची परंपरा, बाजारातील पत, पांजरापोळीला केलेले साहाय्य, असे पान भरले. शेवटी एक ओळ लिहिली, ‘सौ. वहिनी सुगृहिणी व धर्मपरायण आहेत.’

सभेच्या आदल्या दिवशी सही घेण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून वहिनी रोजमेळ घेऊन बसल्या होत्या. बोलता बोलता कळले, की दोन वर्षांपूर्वी भाऊ आजारी पडले, तेव्हा सहा महिने त्यांना दुकानाची पायरी चढता आली नव्हती. मालाची खरेदी, उधारीची वसुली, जीएसटीची विवरणपत्रे हे सारे त्या काळात वहिनींनी सांभाळले. माझाही त्या पेढीशी व्यवहार आहे. तेव्हा माझी बिले वेळेवर चुकती झाली होती. ती कोणी चुकती केली, हे विचारावे असे मला कधी वाटले नाही.

भाऊंनी परिचयपत्र वाचले आणि पेन खाली ठेवले. म्हणाले, “पेढीची जी पत तुम्ही लिहिली आहे, ती त्या सहा महिन्यांत हिने राखली. मग ती माझ्या एकट्याच्या नावावर कशी मांडता?”

वहिनी म्हणाल्या, “राहू द्या भाऊजी, चार माणसांत कशाला ते?”

घरी आल्यावर पत्नीला हे सांगितले. ती इतकेच म्हणाली, “अहो, बारा वर्षांपूर्वी आपला परिचय वाचला गेला, त्यातही माझी एकच ओळ होती.” तो परिचय लिहून मीच सूचकांच्या हाती दिला होता.

पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. भगवान महावीरांच्या संघात १,५९,००० श्रावक आणि ३,१८,००० श्राविका होत्या, असे त्यात सांगितले आहे. श्राविकांची गणना श्रावकांच्या पोटात केलेली नाही. त्यांच्यात अग्रणी असलेल्या सुलसा आणि रेवती यांचा उल्लेखही तेथे स्वतःच्याच नावाने येतो. चतुर्विध संघातील चौथा घटक श्राविका, हे आपण पाठ म्हणतो. परिचय लिहिताना मात्र विसरतो.

त्या रात्री मी वहिनींची परवानगी घेऊन परिचयपत्र नव्याने लिहिले. सभेत ते वाचून झाल्यावर अनुमोदनासाठी एक भगिनी उठल्या. आमच्या मंडळात आजवर हे काम पुरुषच करीत आले होते.

नवे दांपत्य आता सभासद झाले आहे. माझ्या घरची ती एक ओळ मात्र जुन्या कागदात तशीच आहे. यंदा संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना पहिली क्षमा तिच्यासाठी मागायची आहे.