न दिसलेल्याचा हिशेब

दिवाळीपूर्वी पेढीवर शिल्लक मालाची मोजणी होते. पोती थप्पीने रचलेली असतात, खतावणी उघडी असते. चुकले तर पुन्हा मोजता येते. परंतु ज्याचा माल स्वतःच्या पायांनी चालतो, माणसाची चाहूल लागताच दडतो आणि बहुधा रात्रीच हिंडतो, त्याने शिल्लक कशी काढावी? वन्यप्राण्यांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाचे सारे आयुष्य या एका प्रश्नात जाते.

डॉ. उल्लास कारंत यांचे असेच गेले. ज्ञानपीठ विजेते कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांचे हे पुत्र. त्यांनी आधी अभियांत्रिकीची पदवी घेतली, मग शेती केली आणि वयाच्या चाळिशीत, १९८८ साली, फ्लोरिडा विद्यापीठातून वन्यजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली. कर्नाटकातील नागरहोळेचे जंगल ही त्यांची कर्मभूमी.

त्या काळी देशात वाघांची गणना पाऊलखुणांवरून होत असे. वनरक्षक मातीतील ठसा काचेवरून उतरवून घेत आणि प्रत्येक वाघाचा ठसा निराळा असतो या विश्वासावर बेरीज होई. कारंतांनी बंदिस्त जागेतील चार वाघांचे ठसे अनुभवी अधिकाऱ्यांपुढे ठेवले. हे वाघ चारच आहेत, असे एकालाही सांगता आले नाही. पाया असा कच्चा असूनही त्यावर वर्षानुवर्षे देशाच्या बेरजा उभ्या राहिल्या, ही नवलाची नव्हे, खेदाची गोष्ट.

त्यांनी दुसरा मार्ग धरला. वाघाच्या अंगावरील पट्टे कधीही दुसऱ्या वाघाशी जुळत नाहीत. डाव्या-उजव्या कुशीचेही पट्टे वेगळे असतात, म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा बसवायचा. वाघ मधून गेला की तो आपोआप टिपला जातो. मात्र छायाचित्रांतील वाघांची बेरीज म्हणजे जंगलातील वाघ नव्हेत. खरी विद्या पुढेच आहे, आणि ती बाजारपेठेतील माणसाला चटकन उमगावी.

समजा, एका बाजाराच्या दिवशी दुकानात ४० गिऱ्हाइके आली व त्यांची नावे लिहून ठेवली. पुढच्या बाजारी पुन्हा ४० आली. त्यांत आधीच्या यादीतील १० निघाली. म्हणजे पहिल्या दिवशीची यादी ही एकूण गिऱ्हाइकांचा चौथा हिस्सा होती. एकूण गिऱ्हाइके १६० च्या आसपास असावीत. जी एकदाही उंबरठ्यावर आली नाहीत, त्यांचाही हिशेब लागला! पण यात खाचखळगे आहेत. उधारी थकलेला माणूस दुकान टाळून पलीकडच्या गल्लीने जातो. तसाच एखादा वाघ कॅमेऱ्याच्या लखलखाटाला बिचकून वाट बदलतो. शिवाय दोन बाजारांच्या मध्ये कोणी गाव सोडून गेले, तर गणित बिघडते. म्हणूनच जंगलातील मोजणी थोड्या आठवड्यांत उरकावी लागते.

असे काढलेले उत्तर एका आकड्यात येत नाही. २००६ च्या देशव्यापी अंदाजात १,४११ वाघ सांगितले गेले, त्यासोबत १,१६५ ते १,६५७ ही मर्यादाही दिली गेली. व्यापाऱ्याला ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ हे उत्तर रुचणार नाही. तरीही २००२ च्या जुन्या पद्धतीच्या ३,६४२ या ठाम आकड्यापेक्षा तेच अधिक प्रामाणिक होते.

या विद्येने भांडवलही मोजले. एका वाघाला वर्षाला सुमारे ५० हरणांएवढी शिकार लागते आणि जंगलातील खुरांच्या प्राण्यांपैकी साधारण दहावा हिस्साच तो घेतो. म्हणजे एका वाघामागे ५०० जिवंत जनावरे हवीत. मुद्दल आटले की बंदुकीची गोळी न लागताही वाघ संपतो. हे गणित कानाला कठोर वाटते खरे. नागरहोळेत नऊ वर्षांत ७४ निरनिराळे वाघ टिपले गेले. त्यांतील जवळपास चौथा हिस्सा दरवर्षी मरे किंवा जंगल सोडून जाई, तरी नव्या पिढीमुळे वाघांची वस्ती टिकून राहिली. केवळ खर्चाची बाजू पाहून दिवाळे घोषित करता येत नाही, तसेच केवळ जमेची बाजू पाहून निर्धास्तही राहता येत नाही.

निर्धास्तपणा कोठे नेतो, हे राजस्थानातील सरिस्का येथे दिसले. २००४ साली कागदोपत्री तेथे सोळा ते अठरा वाघ होते. २००५ च्या आरंभी शोध घेतला, तेव्हा एकही उरला नव्हता; शिकाऱ्यांनी जंगल रिकामे केले होते आणि वहीत मात्र शिल्लक दिसत होती. तीन वर्षांनी, जून २००८ मध्ये, रणथंबोरहून एक नर वाघ हेलिकॉप्टरने तेथे आणला गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो विषबाधेने मेला. या वेळी त्याची नोंद झाली.