वितळलेली तार

सेवानिवृत्त झाल्यावर माणसाला घरातील वस्तूंकडे पाहावयास सवड मिळते, आणि सवड मिळाली की दुरुस्तीचा मोह होतो. रांजणगावच्या आमच्या घरी मुलाने स्वयंपाकघरातील कपाटात एक मायक्रोवेव्ह कायमचा बसवून दिला आहे. पत्नीची बोटे संधिवाताने आखडली तेव्हापासून जड पातेली उचलण्याचा तिचा त्रास त्याने पुष्कळच कमी केला. असा हा गुणी सेवक एका सकाळी अकस्मात गप्प झाला. आकडे उमटेनात, दिवा लागेना, काही घरघर नाही.

प्रथम वाटले, वीज गेली असेल. पण पंखा तर फिरत होता. विजेच्या पेटीतील खटके पाहिले; सारे जागच्या जागी होते. शेजारच्या कप्प्यात हात घालून मायक्रोवेव्हची पिन काढली आणि तेथेच टेबलावरचा दिवा लावून पाहिला. तो लख्ख पेटला. म्हणजे वीज दारापर्यंत येत होती; दुखणे आतलेच होते. एवढा तर्क जुळताच मला भलताच धीर आला. पिन काढलेलीच आहे, मग भय कसले? मी स्क्रूड्रायव्हर घेऊन सरसावलो.

"अहो, थांबा. आधी त्याला बोलवा," पत्नी म्हणाली.

'तो' म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. आयटीआयचे शिक्षण घेऊन तो येथील औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागला आहे. त्याला बोलावणे मला जड जात होते. सातवीत असताना त्याने वर्गातले भिंतीवरचे घड्याळ उतरवून उघडले होते. ते मागे का पडते, हे पाहावयाचे होते, असे तो सांगू लागला. पण मी ऐकून न घेता त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभे केले होते.

पहिली पाळी सुटल्यावर तो आला. आल्या आल्या त्याने विचारले, "सर, झाकण उघडलं नाहीत ना?"

"पिन काढली आहे की!"

"तरीही नाही. घरात दोनशे तीस व्होल्ट येतात. आतला ट्रान्सफॉर्मर ते दोन हजारांच्या घरात नेतो, आणि कपॅसिटर नावाचा डबा ती वीज साठवतो. पिन काढल्यावरही ती काही वेळ आत राहू शकते. हात लागला तर माणूस जातो."

मी स्क्रूड्रायव्हर मुकाट्याने खाली ठेवला.

त्याने आपल्या साधनांनी आधी ती साठलेली वीज नाहीशी केली, मगच आत हात घातला. फ्यूजची तार वितळली होती. "मग नवा फ्यूज घाल," मी म्हणालो. तो हसला. "सर, फ्यूज उगाच जळत नाही." दाराला लागून काही छोटे खटके असतात. दार उघडताच त्यांनी वीज तोडावयाची. त्यांतला एखादा अडकला, तर दुसरा एक खटका मुद्दाम फ्यूज जाळतो. उघड्या दारातून लहरी बाहेर पडू नयेत म्हणून! आणि खरोखरच, एक खटका चिकटून बसला होता. नुसता फ्यूज बदलला असता तर तोही जळाला असता. त्याने दोन्ही बदलले.

त्याचे काम चालले असता मला पर्सी स्पेन्सर आठवले. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत रडारच्या यंत्राजवळ काम करताना त्यांच्या खिशातील खाऊची वडी वितळली, असे सांगतात. ती का वितळली, याचा पाठपुरावा करता करता त्यांनी ही भट्टी शोधली. त्यांची शाळा बालपणीच सुटली होती. त्यांना वर्गाबाहेर कोणी उभे केले होते की नाही, कोण जाणे.

पेलाभर पाणी आत ठेवले. आकडे उमटले, घरघर सुरू झाली. पत्नीने चहा दिला. चहा घेता घेता त्याची नजर आमच्या भिंतीवरील घड्याळाकडे गेली. "सर, हे मागे पडतंय."

मी आतून स्टूल आणले आणि तो चढला तेव्हा ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.